हातात सौर पॅनेल आले. हुद्दा केव्हा येणार?

वर्धा जिल्ह्याचे नाव घेतले की देशाला सेवाग्राम आठवते आणि सेवाग्राम म्हटले की चरखा आठवतो. शाळेच्या पुस्तकात हेच चित्र, सरकारी जाहिरातीत हेच चित्र. परंतु याच जिल्ह्यातील देवळी तालुक्यात कवठा (झोपडी) नावाचे एक गाव आहे. गेल्या दशकाच्या उत्तरार्धात या गावात बचत गटांच्या महिलांनी सूतकताईचे केंद्र काढले नाही, पापड-लोणच्याचा गृहउद्योगही काढला नाही. त्यांनी सौर पॅनेल तयार करण्याचा कारखाना उभा केला! तेजस्विनी सोलर एनर्जी या नावाने तो ओळखला जातो. शेतमजुरी करणाऱ्या, कापूस वेचणाऱ्या, निंदणाला जाणाऱ्या बाया यंत्रासमोर उभ्या राहिल्या. या घटनेची आंबेडकरी चळवळीने जेवढी दखल घ्यायला हवी होती, तेवढी घेतली नाही, असे आम्हाला स्पष्टपणे वाटते.

पॅनेल तयार करणे हे काही शोभेचे काम नव्हे. कागदासारखा पातळ, हाताचा दाब जरा वाढला तरी तडकणारा सेल उचलायचा, त्याला तांब्याची पट्टी डाख देऊन जोडायची, असे सेल ओळीने जोडून काचेवर मांडायचे, वर-खाली आवरण घालून लॅमिनेटरच्या उष्णतेत ते एकजीव करायचे, मग ॲल्युमिनियमची चौकट, मागे जंक्शन बॉक्स आणि शेवटी कृत्रिम प्रकाशाखाली वीज किती निघते याची चाचणी. एक डाख कच्चा राहिला तर पूर्ण पॅनेलची वीज घटते. हे काम शिकलेली बाई तंत्रज्ञ आहे. तिच्या शिधापत्रिकेवर काय लिहिले आहे, ती किती इयत्ता शिकली, तिची जात कोणती, याने तिच्या तंत्रज्ञानात काहीही उणे-अधिक होत नाही.

हे एकट्या गावाला जमले नसते. जिल्हा प्रशासन, ग्रामीण जीवनोन्नतीचे ‘उमेद’ अभियान, मुंबईची आयआयटी आणि गावातील बचत गट असे चार हात एकत्र आले. त्यामागे राजस्थानातील डुंगरपूरचा अनुभव होता. डुंगरपूर हा आदिवासी जिल्हा. तेथील बचत गटांच्या महिलांनी आयआयटी मुंबईच्या साहाय्याने आधी विद्यार्थ्यांसाठी सौर दिवे जोडले आणि २०१७ मध्ये ‘दुर्गा एनर्जी’ या नावाने स्वतःच्या मालकीचा पॅनेलचा कारखाना सुरू केला. राजस्थानच्या आदिवासी भगिनींनी वाट काढली आणि त्या वाटेने विदर्भातल्या भगिनी निघाल्या. प्रादेशिक विकासातील सहकार्य म्हणतात ते याला! मुंबईतल्या परिषदेत बसून काढलेल्या पुस्तिकेला हे नाव शोभत नाही.

येथपर्यंतची कथा कौतुकाची आहे आणि ते कौतुक वृत्तपत्रांनी भरपूर केले. आमचा प्रश्न पुढचा आहे. यंत्रासमोर उभी राहिलेली ही बाई दहा वर्षांनी कोठे असेल? ती पर्यवेक्षिका होईल काय? गुणवत्ता तपासनीस, व्यवस्थापिका, संचालिका होईल काय? तिची मुलगी विद्युत अभियंता होऊन पारेषण कंपनीच्या उपकेंद्रात अधिकारी म्हणून बसेल काय? की तीही आईप्रमाणे ‘बचत गटाची सदस्या’ एवढ्याच ओळखीवर आयुष्य काढील? रोजगार आणि कारकीर्द यांत फरक आहे. रोजगार आज आहे, उद्या नाही. कारकिर्दीला पायऱ्या असतात. पद, वेतनश्रेणी, बढती आणि निवृत्तिवेतन असते. आमच्या भगिनींना आजवर रोजगाराची भाषा ऐकवली गेली. कारकिर्दीची भाषा त्यांच्या वाट्याला आली नाही.

ही मागणी आम्ही आज नव्याने करीत नाही. चळवळीच्या इतिहासात ती ऐंशी वर्षांहून अधिक काळ नोंदलेली आहे. २० जुलै १९४२ रोजी नागपुरात अखिल भारतीय दलित वर्ग महिला परिषद भरली. अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे अध्यक्षस्थानी होत्या. विदर्भाच्या कानाकोपऱ्यातून हजारो महिला आल्या होत्या. या परिषदेने घटस्फोटाचा हक्क मागितला, एकपत्नीत्वाचा कायदा मागितला, हे आपण भाषणांत सांगतो. परंतु गिरणीतील, विडी कारखान्यातील आणि नगरपालिकेतील स्त्री कामगारांना रजा मिळावी, इजा झाल्यास भरपाई मिळावी आणि गिरण्यांच्या स्त्री विभागावर देखरेख करायला स्त्रियाच नेमाव्यात, असेही ठराव त्याच परिषदेने केले, हे सांगायचे राहून जाते. ज्यांना अक्षरओळखही नीट होऊ दिली नव्हती त्या आमच्या आज्या केवळ काम मागत नव्हत्या. त्या पद मागत होत्या!

त्याच महिन्यात परमपूज्य बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री म्हणून रुजू झाले. मजूर खात्याबरोबर पाटबंधारे, वीज आणि खाणी हे विषयही त्यांच्याकडे आले. बाबासाहेब घटनेचे शिल्पकार, हे शत्रूही मान्य करतो. परंतु या देशाच्या वीजधोरणाचा पाया कोणी घातला, हे आमच्याच तरुणांना ठाऊक नसते. २५ ऑक्टोबर १९४३ रोजी दिल्लीत वीजविषयक धोरण समितीपुढे बाबासाहेबांनी जी मांडणी केली तिचा आशय असा होता, की हा देश शेतीवर जगू पाहतो म्हणून दरिद्री आहे, या दारिद्र्यातून सुटायचे तर उद्योग हवेत, उद्योगांसाठी स्वस्त आणि मुबलक वीज हवी आणि ती सरकारने हाती घेतल्याशिवाय मिळणार नाही. १९४४ मध्ये केंद्रीय तांत्रिक वीज मंडळ उभे राहिले. दामोदर खोऱ्याची योजना त्यांच्याच काळात आकारास आली आणि १९४८ मध्ये तिच्यासाठी कायद्याने महामंडळ स्थापन झाले.

येथे चरख्याचा आणि विजेचा मुद्दा समजून घेतला पाहिजे. १९३७ मध्ये वर्ध्यातच शिक्षण परिषद भरली आणि हस्तव्यवसायाभोवती प्राथमिक शिक्षण गुंफण्याची ‘वर्धा योजना’ पुढे आली. मुलाने सूत कातावे आणि त्यातून शिकावे, अशी ती कल्पना होती. पाचच वर्षांनी, १९४२ मध्ये, बाबासाहेबांनी व्हाइसरॉयला दिलेल्या निवेदनात अनुसूचित जातींच्या मुलांसाठी विज्ञान आणि तंत्रशिक्षणाच्या शिष्यवृत्त्या मागितल्या. कला आणि कायद्याच्या शिक्षणापेक्षा विज्ञान-तंत्रज्ञानातील उच्च शिक्षण आपल्या समाजाला अधिक उपयोगी पडेल, असे त्यांचे मत होते. आम्ही स्वतः काळा कोट घालून न्यायालयात उभे राहणारे आहोत, तरीही हे मत आम्हाला शंभर टक्के पटते. ज्यांच्या वाट्याला पिढ्यान्‌पिढ्या हाताची कष्टाची कामे लादली गेली, त्यांना पुन्हा हातव्यवसायाचे गोडवे ऐकवणे हा क्रूर विनोद होता. माणसाच्या पाठीवरचे ओझे यंत्राने उतरते आणि मोकळ्या झालेल्या वेळेत माणूस मन घडवतो, ही बाबासाहेबांची भूमिका होती. कवठ्याच्या महिलांनी सेवाग्रामच्या जिल्ह्यात राहून बाबासाहेबांची वाट धरली आहे. म्हणून त्यांचे यश-अपयश हा आपला प्रश्न आहे.

ऊर्जाक्षेत्र आणि स्त्री यांचा आणखी एक धडा बाबासाहेबांच्या कारकिर्दीत आहे आणि तो अवघड आहे. दुसऱ्या महायुद्धात कोळशाची टंचाई झाली तेव्हा, १९४३ मध्ये, सरकारने खाणीच्या पोटात स्त्रियांना काम करू देण्यावरील बंदी उठवली. ८ फेब्रुवारी १९४४ रोजी मध्यवर्ती विधिमंडळात या निर्णयावर कडक टीका झाली. बाबासाहेबांनी तो निर्णय युद्धकाळापुरता असल्याचे सांगितले आणि एक गोष्ट ठामपणे नोंदवली, ती ही की खाणीतील स्त्रीला पुरुषाइतकेच वेतन मिळेल. समान कामाला समान वेतन हे तत्त्व त्यांनी खाणीच्या अंधारात नेले. १९४६ मध्ये ती बंदी पुन्हा लागू झाली. दरम्यान खाणीतील स्त्रियांच्या प्रसूती लाभाच्या कायद्यातही त्यांनी सुधारणा घडवून आणली. पुढे घटनेच्या ३९ व्या अनुच्छेदात समान वेतनाचे तत्त्व आले. धडा असा, की स्त्रीला कामावर घेतले एवढ्याने न्याय होत नाही. कोणत्या वेतनावर, कोणत्या संरक्षणासह आणि कोणत्या पदावर घेतले, हे विचारावे लागते.

आज कायद्याच्या भिंती बऱ्याच खाली आल्या आहेत. २०१९ मध्ये केंद्र सरकारने भूमिगत खाणीत तांत्रिक, पर्यवेक्षकीय आणि व्यवस्थापकीय पदांवर दिवसपाळीत स्त्रियांना परवानगी दिली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या श्रमसंहितांनी संमती आणि सुरक्षेच्या अटींवर रात्रपाळीसह सर्व प्रकारच्या कामांचे दार उघडले. महाराष्ट्रात शासकीय सेवेत स्त्रियांना ३० टक्के समांतर आरक्षण आहे. महावितरणच्या खांबावर चढून तार जोडणाऱ्या मुली महाराष्ट्राने पाहिल्या आहेत. मग अडते कोठे?

अडते ते कंत्राटात! विदर्भाच्या कोळशावर आणि पाण्यावर राज्याची वीज तयार होते. एकट्या चंद्रपूरच्या महाऔष्णिक केंद्राची क्षमता २९२० मेगावॅट आहे. परंतु या केंद्रांच्या फाटकातून सकाळी आत जाणाऱ्या आमच्या भगिनी बहुधा झाडू, कँटीन आणि बागकामाच्या कंत्राटावर असतात. कायम पदाला आरक्षण आहे, म्हणून कायम पद भरायचे नाही. काम कंत्राटदाराला द्यायचे, कारण कंत्राटदाराला आरक्षण विचारता येत नाही. सौरऊर्जेत तर मुळापासून खाजगी कंपन्या आहेत. छतावरील सौरऊर्जेच्या क्षेत्राचा २०१९ मध्ये अभ्यास झाला तेव्हा भारतात स्त्रियांचे प्रमाण सुमारे ११ टक्केच आढळले. त्याच सुमारास जगभरच्या अक्षय ऊर्जा क्षेत्रात ते ३२ टक्के होते. या ११ टक्क्यांत अनुसूचित जाती-जमातीच्या, बौद्ध समाजाच्या स्त्रिया किती, हा प्रश्न कोणी विचारला आहे काय? ‘महिला’ या एका शब्दाखाली जात झाकली जाते आणि लाभ पुन्हा वरच्या ओळीतच वाटला जातो, हा आमचा जुना अनुभव आहे.

दुसरी अडचण बाजारपेठेची. बचत गटाला प्रशिक्षण देताना फोटो निघतात, यंत्र देताना फोटो निघतात, पण माल खरेदी करताना कोणी फिरकत नाही. सौर पॅनेलचे तर आणखी अवघड. सरकारी अनुदानाच्या योजनेत बसवायचे पॅनेल केंद्राच्या मान्यताप्राप्त उत्पादकांच्या यादीतील असावे लागते. त्यासाठी चाचण्या, प्रमाणपत्रे आणि ठरलेली कार्यक्षमता लागते. हजारो कोटींच्या कंपनीला आणि खेड्यातील महिलांच्या संस्थेला चाचणीची पायरी एकच! गुणवत्तेत सूट द्या, असे आम्ही म्हणत नाही. आमच्या भगिनींचा माल कमी प्रतीचा असावा, ही कल्पनाच आम्हाला अपमानास्पद वाटते. परंतु चाचणीचा खर्च, यंत्राचे अद्ययावतीकरण आणि खेळते भांडवल यांची जबाबदारी जिल्हा प्रशासनाने आणि राज्याने उचलली पाहिजे. २०२३ मध्ये सौर कृषी वाहिनीचा दुसरा टप्पा आला, २०२४ मध्ये ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ आली आणि घरांच्या छतांसाठी ‘पीएम सूर्यघर’ आली. गावोगाव पॅनेल बसत आहेत. त्यांतील किती पॅनेल महिलांच्या संस्थांकडून घेतली, याचा हिशेब सरकारने द्यावा.

सहकाराला राज्याने काय काय दिले, हे महाराष्ट्राला ठाऊक आहे. अहमदनगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यात मुळा-प्रवरा ही वीज सहकारी संस्था सुमारे चार दशके वीज वितरण करीत होती. साखरसम्राटांच्या या पट्ट्यातील संस्थेची थकबाकी डोंगराएवढी झाली तरी परवाना २०११ पर्यंत चालला. प्रस्थापितांच्या सहकाराला राज्य एवढा धीर देते, तर शेतमजूर बायांच्या सहकाराला का नाही? २००३ च्या वीज कायद्याचे ५ वे कलम ग्रामीण भागातील स्थानिक वितरणाचे व्यवस्थापन पंचायती, ग्राहक संघटना आणि सहकारी संस्था यांच्याकडे देण्याच्या धोरणाची गोष्ट करते. कलम कागदावर आहे. ते महिलांच्या संस्थांसाठी वापरायचे कोणी?

मात्र सहकाराबाबत आपल्यालाही सावध राहिले पाहिजे. २००४ मध्ये राज्याच्या सामाजिक न्याय विभागाने मागासवर्गीयांच्या औद्योगिक सहकारी संस्थांसाठी योजना आणली. संस्थेचा स्वतःचा वाटा अवघा ५ टक्के, बाकी शासनाचे भागभांडवल, शासनाचे कर्ज आणि बँकेचे कर्ज. हेतू उत्तम होता. पण अनेक संस्था कागदावरच राहिल्या. नावे आमची, सह्या आमच्या आणि पैसा भलत्याच्या खिशात! त्यामुळे पुढे खऱ्या संस्थाही संशयाने पाहिल्या गेल्या. महिलांच्या ऊर्जा संस्थांत हे पुन्हा घडू द्यायचे नसेल तर हिशेबवही वाचता येणारी, सर्वसाधारण सभेत उभी राहून प्रश्न विचारणारी सभासद तयार झाली पाहिजे. डाख देण्याइतकेच ताळेबंद वाचणे महत्त्वाचे आहे.

याउलट सरकारची नजर कोठे आहे? २०२४ मध्ये लाडकी बहीण योजना आली, महिन्याला दीड हजार रुपये. गरीब बहिणीच्या हाती पैसे आले, याला आमचा विरोध नाही. परंतु २०२५ मध्ये सामाजिक न्याय खात्याचा निधी या योजनेकडे वळवल्याची तक्रार खुद्द त्या खात्याच्या मंत्र्यांनीच जाहीरपणे केली. म्हणजे ज्या पैशातून अनुसूचित जातीच्या मुलीला अभियंता करायचे, यंत्र घ्यायचे, भागभांडवल द्यायचे, तोच पैसा ओवाळणी म्हणून वाटायचा! कर्नाटकाने २०१३ मध्ये अनुसूचित जाती उपयोजनेचा निधी खर्च करण्याचा कायदा केला. पुरोगामी म्हणवणाऱ्या महाराष्ट्रात असा कायदा नाही. ओवाळणी देणाऱ्याच्या मर्जीवर असते. हक्क कायद्यावर असतो.

जगातही हे प्रयत्न चालू आहेत. राजस्थानातील टिलोनियाच्या बेअरफूट कॉलेजात आफ्रिकेतील निरक्षर आज्या सौर दिव्यांची जोडणी आणि दुरुस्ती शिकून गेल्या आणि त्यासाठी भारताच्या परराष्ट्र खात्याने साहाय्य केले. दक्षिण आशियातील वीज कंपन्यांत स्त्रिया वाढाव्यात म्हणून जागतिक बँकेच्या मदतीने २०१९ मध्ये ‘वी-पॉवर’ हे जाळे उभे राहिले. आपल्या राज्यातही आंतरराष्ट्रीय कृषी विकास निधीच्या साहाय्याने महिला आर्थिक विकास महामंडळाने गावोगाव बचत गट बांधले. परदेशी निधी येतो, प्रकल्प येतो, मुदत संपते आणि फलक गंजत राहतो. आफ्रिकेच्या आजीला सौर तंत्रज्ञ करणाऱ्या देशाला देवळी तालुक्यातील बाईला पर्यवेक्षिका करता येत नाही, हे आम्ही मान्य करणार नाही.

म्हणून आमच्या मागण्या स्पष्ट आहेत आणि त्यांतील बहुतेक सध्याच्या कायद्यांतच बसतात.

पहिली. केंद्राच्या २०१२ च्या खरेदी धोरणानुसार सार्वजनिक कंपन्यांनी सूक्ष्म व लघु उद्योगांकडून करावयाच्या खरेदीत अनुसूचित जाती-जमातीच्या उद्योजकांसाठी ४ टक्के वाटा आहे. २०१८ पासून महिला उद्योजकांसाठी ३ टक्के वाटाही आहे. एनटीपीसी, पॉवरग्रिड, वेस्टर्न कोलफिल्ड्स यांनी विदर्भात हा वाटा किती पाळला, ते जाहीर करावे. राज्याच्या वीज कंपन्यांनाही असेच बंधन घालावे.

दुसरी. पॅनेल जोडणाऱ्या प्रत्येक महिलेला पूर्वकौशल्य मान्यतेखाली तंत्रकौशल्याचे प्रमाणपत्र द्यावे. बचत गटाच्या ओळखपत्रावर कोणतीही कंपनी तंत्रज्ञाचे वेतन देत नाही.

तिसरी. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्यात कलम ३-अ आहे. त्यानुसार ठरलेल्या व्यवसायांत अनुसूचित जाती-जमातींसाठी प्रशिक्षणाच्या जागा राखीव आहेत आणि हे बंधन खाजगी मालकालाही आहे! जिल्ह्यातील सौर प्रकल्प, उपकेंद्रे आणि कारखाने यांत या जागांवर किती मुली घेतल्या, हे विचारायला आपल्याला कोणी अडवलेले नाही.

चौथी. ऊर्जाक्षेत्रातील महिला संस्थांत अनुसूचित जातीच्या आणि नवबौद्ध महिलांच्या भागभांडवलासाठी उपयोजनेतून तरतूद व्हावी, त्या निधीला कायद्याचे कुंपण असावे आणि संचालक मंडळात त्यांना त्यांच्या संख्येच्या प्रमाणात जागा असाव्यात.

पाचवी. प्रत्येक प्रकल्पस्थळी स्वच्छतागृह, पाळणाघर आणि लैंगिक छळविरोधी २०१३ च्या कायद्याप्रमाणे समिती असावी. दहापेक्षा कमी कामगार असतील तेथे जिल्ह्याच्या स्थानिक समितीचा पत्ता आणि दूरध्वनी भिंतीवर लावावा.

बंधू-भगिनींनो, या मागण्या मंत्रालयात आपोआप पोहोचत नसतात. वर्धा, देवळी, पुलगाव, हिंगणघाट, आर्वी येथील आपल्या विहारांतून दर रविवारी वंदनेनंतर अर्धा तास या विषयाला द्यावा. बारावी विज्ञानाच्या आणि आयटीआयच्या मुलींची यादी करावी, वीजतंत्री आणि तारतंत्री या अभ्यासक्रमांत त्यांचे प्रवेश करून द्यावेत. वकिलांनी माहितीच्या अधिकाराचे अर्ज लिहून द्यावेत. त्यासाठी शुल्क घेऊ नये. ज्यांची मुले-मुली वीज कंपन्यांत अधिकारी आहेत त्यांनी परीक्षांची तयारी करून घ्यावी. बाबासाहेबांच्या पुण्याईने खुर्चीवर बसलेल्यांनी एवढे ऋण फेडायलाच हवे. आणि पुढच्या २० जुलैला, नागपूरच्या त्या महिला परिषदेच्या स्मृतिदिनी, कवठ्याच्या कारखान्यातील भगिनींना व्यासपीठावर बोलवावे. हार घालून परत पाठवू नये. त्यांना बोलू द्यावे, त्यांच्या अडचणी लिहून घ्याव्यात आणि त्या घेऊन दुसऱ्याच दिवशी जिल्हाधिकारी कार्यालयावर जावे.

१९४२ साली आमच्या आज्यांनी स्त्री विभागावर स्त्री पर्यवेक्षिका मागितली होती. तो ठराव अजून पूर्ण व्हायचा आहे. जयभीम!